शेवटच्या खाचेतलं घर

मला हे सांगायला लावलंय. सांगणं हा माझा धंदा नाही. मद्रासजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात लोखंड कातायचं माझं काम, ते केलं आणि पेन्शनीत निघालो. शाळेचं आणि माझं चौथीतच बिनसलं. पण वरच्या मजल्यावरची हरिप्रिया सिंगापुराहून उठसूट फोन करते. "वसंतकाका, आईला काय झालं ते लिहून पाठवा. अप्पा काही सांगत नाहीत." बाप सांगत नाही, डॉक्टरला कळत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगायचं. बरं. सांगतो. मधेमधे विचारायचं नाही की असं कसं होईल. ते मला ठाऊक असतं तर तेच आधी सांगितलं असतं.

१

चंद्रमौळी, म्हणजे हरिप्रियाचा बाप, तंजावरकडचा मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच रुजलेलं घराणं. त्याचं बोलणं ऐकताना कुणी जुनी पोथी वाचतंय असं वाटावं, आणि मधेच पोथीतून तमिळ शब्द सांबारातल्या मुळ्यासारखा वर यावा. बँकेतली नोकरी संपली तसा तो अण्णा नगरातल्या ह्या बिल्डिंगीत येऊन राहिला. तो आणि त्याची बायको कृष्णवेणी. माणूस सरळ. खूळ एकच. रेकॉर्डी.

त्याही साध्या चालत नसत. मोजक्याच काढलेल्या पाहिजेत. दर शनिवारी सकाळी डोसा खाऊन तो निघायचा. ह्या गल्लीतलं एक दुकान, त्या पुलाखालचं एक दुकान. मोठ्या मॉलात पाय ठेवायचा नाही. ज्या दुकानात मालक स्वतः गल्ल्यावर बसून चहा पितो, तिथलीच रेकॉर्ड घ्यायची. दुपारी छातीशी पिशवी धरून, तान्हं मूल आणल्यासारखा जिना चढायचा.

"लिमिटेड आहे, वसंतराव. साऱ्या दुनियेत पाचशेच."

"पाचशे माणसांना तरी आवडली का?" मी विचारायचो.

"तुम्हांस नाही समजायचं," म्हणायचा आणि वर जायचा.

मग साबणानं हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा वाऱ्यावर वाळवायचे. तबकडी कडेनं धरायची, अंगाला बोट लावायचं नाही. सगळ्या कपाटात उभ्या. आडव्या ठेवल्या की वाकतात म्हणे, आणि मद्रासच्या उन्हात तर पापडासारख्या होतात. कृष्णवेणीला तिकडे फिरकायची बंदी. तिचे हात कायम पिठाचे.

तिला त्याचं काही वाटत नसे. ती आपल्या नादात. गाणं म्हणून ती कधी म्हणायची नाही, पण गुणगुणणं थांबायचं नाही. एक खोड होती तिला. कुठं एक सूर धरलेला ऐकला की त्याच्यावर आपला सूर टेकवायची. मिक्सर चालू झाला, टेकवला. पाण्याची मोटर लागली, टेकवला. दुपारी मी खाटेवर पडलो की छतातून ते गुणगुणणं झिरपत खाली यायचं. कधी चिडायचो. ओरडायचोही. ती वरून हसायची, "वसंतराव, तुम्हांस झोप लागावी म्हणूनच तर!" आणि झोप लागायची, हेही खरं.

हरिप्रियाला फोनवर रोज तेच हवं असायचं. बोलणं झालं की म्हणायची, "आई, ठेवू नकोस, तू कामं कर, मी ऐकते." मग फोन ओट्यावर पडून असायचा आणि तिकडे परमुलखात पोरगी त्या गुणगुणण्यावर ऑफिसची कामं उरकायची.

२

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे एक गल्ली आहे. दोन्ही बाजूंना वेल्डिंगवाले, पत्रा कापणारे. त्यांच्या मधे राममूर्तीचं रेकॉर्डींचं दुकान. असल्या कलकलाटात हे दुकान कुणी काढलं, असं चंद्रमौळीला पहिल्या वेळी वाटलं होतं. पण दुकानाची रीत चांगली. विकायच्या आधी गिऱ्हाइकाला एक बाजू अख्खी ऐकवायची. ओरखडा नाही, उडी नाही, बघून घ्या, मग न्या.

त्या शनिवारी राममूर्तीनं गल्ल्याखालून एक पांढरं पाकीट काढलं. वर चित्र नाही, नाव नाही. पेन्सिलीनं आकडा घातलेला, दहातली सातवी.

"ही साच्यातली नाही, सार," राममूर्ती म्हणाला. "साच्यातल्या सगळ्या सारख्या निघतात. ही एकेक हातानं कापलेली. कापणारा खोलीत बसतो, समोर वाजतं, आणि यंत्राची सुई तिथल्या तिथे खाच पाडत जाते. दहाच्या दहा वेगळ्या."

"गायलंय कोण?"

"गाणं नाही. नुसता तंबोरा."

सुई टेकवली आणि तंबोरा सुरू झाला. चार तारा, पुन्हा चार तारा. बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, आणि चंद्रमौळीला वाटलं आपण पाण्याखाली बसून त्या बघतोय. गाणं आत्ता सुरू होईल, आत्ता होईल, असं वाटत राहिलं. झालं नाही. पण वाट बघण्यातच बरं वाटत होतं.

बाजू संपत आली तसा राममूर्ती उठला. सुई शेवटाला पोचायच्या आतच त्यानं उचलली. रीत अख्खी बाजू ऐकवायची, आणि हा माणूस कधी घाई करत नसे.

"शेवट?"

"शेवटाला काय असतं, सार. खाच आपल्यातच जुळलेली. सुई तिथे गेली की उचलेपर्यंत तिथेच फिरते. उगाच झिजते." आणि पाकिटात घालता घालता तो म्हणाला, "फिरत ठेवू नका तेवढी."

हे तर प्रत्येक रेकॉर्डवाला सांगतो. चंद्रमौळीनं पिशवी छातीशी धरली आणि आलंदूरला मेट्रो बदलून घरी आला.

३

मे महिना लागला होता. इथं त्या उन्हाला कत्तरी म्हणतात, आणि त्या दिवसांत जेवणानंतर शहाणा माणूस बाहेर दिसत नाही. चंद्रमौळीनं पडदे ओढले, सातवी लावली आणि आरामखुर्चीत टेकला. कृष्णवेणी हॉलमधल्या झोपाळ्यावर भाजी निवडत होती. झोपाळा लग्नातला, जुन्या घरून आणलेला, त्याची उजवी कडी जुनी. मागे जाताना करकरायची, पुढे येताना गप्प. करकर, गप्प. करकर, गप्प. तंबोऱ्यात ती करकर मिसळली आणि चंद्रमौळीचा डोळा लागला.

स्वप्नात तो ह्याच घरात होता. फक्त स्वयंपाकघराच्या पलीकडे आणखी एक खोली होती, आणि ती तिथे आहे ह्याचं त्याला नवल वाटत नव्हतं. तिथे फरशीवर फडकं अंथरलेलं. कुणीतरी पाठमोरं बसून त्यावर काहीतरी मांडत होतं, बायका गच्चीवर सांडगे घालतात तसं. हळूच, एकच, कड मोडू न देता. मांडून झालं की जरा मान कलती करून ऐकत होतं.

जाग आली तेव्हा तंबोरा संपलेला. सुई शेवटच्या खाचेत फिरत होती. टुक, श्श. टुक, श्श. त्यानं उठून ती उचलली. कृष्णवेणी झोपाळ्यावर डोळे मिटून पडलेली, पायानं झोका चालू. झोपाळा मागे जात होता, पुढे येत होता.

करकर नव्हती.

"वेणी, कडीला तेल घातलंस?"

"मी कशाला घालू? तुम्ही घातलं असाल. जन्मभर सांगते आहे, आज सुचलं होय?"

"मी नाही घातलं."

"मग त्या रेकॉर्डीनं घातलं," म्हणाली आणि हसली.

त्यानं कडीला हात लावून पाहिला. कोरडी. बोटाला गंज लागला. लोखंड उन्हानं प्रसरण पावतं, त्यात जागा होत असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. बँकेतल्या माणसाला काहीही समजावता येतं.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं ती पुन्हा लावली. ह्या वेळी जागं राहायचं ठरवून. तंबोऱ्यानं त्याला पुन्हा पाण्याखाली नेलं. स्वप्नातल्या फडक्यावर काल एकच सांडगा होता, आज दोन होते.

जाग आली ती करपल्या वासानं. कृष्णवेणी स्वयंपाकघरातून ओरडत होती. कुकरचं बूड लागलेलं. कुकरवर वाफ सरळ छताला जात होती, शिट्टी थरथरत होती, उडत होती, आणि आवाज शून्य. मुकी झालेली शिट्टी नाचताना बघून आधी तिला हसूच आलं.

"हिनं पण मौन धरलं! बाजारातून दुसरी आणा."

दुसरी आणली. तीही मुकी. ती शिट्टी तिनं खाली आणून माझ्या कुकरवर लावली, तर कान फाटेपर्यंत वाजली. "तुमच्या घरात काही असेल," मी म्हटलं. "माझ्यात काही नाही," ती म्हणाली आणि आपला भात माझ्याकडे शिजवून घेऊन गेली.

चंद्रमौळीनं मात्र तोवर एक ऐकलं होतं. सुई उचलायच्या आधी, शेवटच्या खाचेत. तो वाकून कान जवळ नेऊन ऐकत राहिला. नुसतं टुक आणि श्श नव्हतं. टुकच्या मागोमाग बारीकशी करकर होती, आणि तिच्या पाठीला लागून शिट्टीचं एक टोक. तबकडीचा फेरा डोळा मिटून उघडेपर्यंत संपतो, तेवढ्यात काय ऐकू येणार? साऱ्या साखळ्या सारख्याच करकरतात. शिट्ट्या तर आसपासच्या साऱ्या घरांतून होतात. कापणाऱ्याच्या घरात झोपाळा नसेल काय?

असं तो स्वतःशी म्हणाला. आणि पुन्हा सुई टेकवली. कारण एक होतं, ते त्यानं मला नंतर दाराआडून सांगितलं. ती करकर खऱ्या करकरीपेक्षा चांगली होती. नवं लग्न झालं तेव्हाची, झोपाळा पहिल्यांदा टांगला तेव्हाची. त्या खाचेत त्याचं घर होतं आणि ते घर आत्ताच्या घराहून ताजं होतं. असली रेकॉर्ड दुनियेत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. खूळ असलेल्या माणसाला ह्याहून जास्त काय सांगायचं?

तिसऱ्या दिवशी बांगड्या गेल्या.

कृष्णवेणी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही मनगटं एकमेकांवर आपटली. काचेच्या हिरव्या बांगड्या, दोन्ही हातांत भरलेल्या. आपटल्या, हलल्या, एकीवर एक चढल्या. कापसाच्या असाव्यात तशा.

"अहो," ती म्हणाली. ह्या वेळी हसली नाही. "ती तबकडी घरातून काढा."

"शनिवारी परत देतो."

"शनिवारी नको. उद्या."

"बरं. उद्या."

"आज लावू नका."

त्यानं लावली नाही. म्हणजे तंबोरा लावला नाही. संध्याकाळी ती देवळात गेली तेव्हा सुई नुसती शेवटच्या खाचेवर टेकवली, एक फेरा ऐकायचा म्हणून. करकर होती, शिट्टी होती, बांगड्या होत्या. आणि बांगड्यांच्या पुढे, टुक होण्याच्या आधी, एक रिकामी जागा होती. अर्ध्या श्वासाएवढी. बाकी सगळं दाटीवाटीनं बसलेलं आणि तेवढीच जागा झाडून पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ.

त्यानं सुई उचलली आणि वरचं झाकण बंद केलं.

५

आता चूक ऐका. ही चूक तुम्ही आम्ही केली नसती. ती करायला रेकॉर्डी जमवणारा माणूसच लागतो.

सकाळी तो निघाला राममूर्तीकडे, तबकडी परत करायला. पिशवीत घातली. दारात गेला. बाहेर कत्तरीचं ऊन. मेट्रोपर्यंत चालायचं, गिंडीला उतरून पुन्हा चालायचं. तबकडी वाकेल. वाकलेली तबकडी कुठला दुकानदार परत घेतो? आणि जी वस्तू घरातून हाकलायची, तीसुद्धा वाकलेली हाकलायची हे त्याच्या हातून होईना. त्यानं ठरवलं, आधी नुसतं विचारून यावं. राममूर्ती हो म्हणाला तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर नेऊ.

मग ती ठेवायची कुठे? उन्हाळ्यात तबकडीला सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणजे प्लेअरची सपाट थाळी. तो परत आत गेला, हात धुतले, वाळवले, आणि सातवी प्लेअरवर ठेवून झाकण लावून निघून गेला.

गिंडीच्या गल्लीत नेहमीचा गोंगाट होता. पत्रा कापत होते, हातोडे पडत होते. राममूर्ती गल्ल्यावर होता. चंद्रमौळी सांगत गेला, झोपाळा, शिट्टी, बांगड्या. सांगताना त्याचं त्यालाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. राममूर्ती हसेल ह्याची तो वाट बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं.

राममूर्तीनं विचारलं, "घरी गातं कुणी?"

"गात नाही. गुणगुणते. माझी बायको."

"घरी एकटी आहे?"

"हो."

"मग इथे काय करताय, सार?"

तो उठला, त्यानं चंद्रमौळीचा दंड धरून त्याला बाहेर काढलं आणि मागे वळून दुकानाचं शटर खाली ओढलं. भर सकाळी. लोखंडी शटर, जुनं, ठिकठिकाणी चेमटलेलं. ते वरून खाली दणकन्‌ आलं आणि फरशीला टेकलं.

आवाज झाला नाही.

चंद्रमौळी शटरकडे बघत राहिला. मग राममूर्तीकडे. राममूर्तीनं नजर चुकवली. "दहातली पहिली माझ्याकडे आहे," एवढंच म्हणाला. "जा, सार. ऑटो करा."

६

तो पोचला तेव्हा दार उघडं होतं आणि हॉलमध्ये मी उभा होतो. प्लेअरचं झाकण वर. सुई फिरत होती.

झालं होतं असं. कृष्णवेणीनं मला जिन्यातून हाक मारली होती, "वसंतराव, जरा वर येता? तुम्हांस माझ्या बांगड्या ऐकवते." बांगड्यांचा आवाज तबकडीतच गेलाय, हे तिनं ताडलं होतं. तुम्ही लोक मला खोटी समजता ना, मग कानानं ऐका, असा तिचा सूर. मी चढेपर्यंत तिनं स्वतःच सुई ठेवली होती. ठेवायला येत नव्हती, आयुष्यात कधी ठेवली नव्हती, म्हणून पार शेवटाच्या अलीकडे ठेवली. तंबोऱ्याची शेपटी तेवढी वाजली. आणि तंबोरा म्हणजे धरलेला सूर. बाई झोपाळ्यावर बसली, तोंड उघडलं मला काही सांगायला, आणि खोडच ती, त्या सुरावर तिनं आपला सूर टेकवला.

टेकवला, आणि तुटला. दोरा दातानं तोडावा तसा.

हे सगळं मी चंद्रमौळीला सांगायला लागलो. त्याचं लक्ष नव्हतं. कृष्णवेणी झोपाळ्यावर होती. ओठ हलत होते, नेहमी गुणगुणताना हलत तसे. गळ्याची शीर हलत होती. घरात फक्त प्लेअरचा आवाज. करकर, शिट्टी, बांगड्या, आणि मग त्या मोकळ्या जागेत, अर्धा श्वास, तिचं गुणगुणणं. टुक. करकर, शिट्टी, बांगड्या, गुणगुणणं. टुक.

"सुई काढतो मी," म्हणालो आणि हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्यानं दोन्ही हात माझ्या छातीवर ठेवले आणि मला मागे ढकललं. मी कपाटावर आदळलो.

"तूच लावलीस. माझ्यामागे घरात शिरलास आणि लावलीस. चोर आहेस तू. अडाणी चोर."

"मौळी, अरे तिला विचार."

विचारणार कुणाला? ती दोघांकडे बघत होती. मान हलवून नाही, नाही म्हणत होती, माझ्याकडे बोट करून नाही म्हणत होती, स्वतःच्या छातीवर हात ठेवत होती. त्याला दिसत नव्हतं. तो प्लेअरपुढे गुडघ्यांवर बसला होता. सुई उचलली तर आवाज थांबेल. आणि तो थांबला, तर मग तो कुठेच उरणार नाही. एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. मी हात मागे घेतला.

७

तेवढ्यात करंट गेला.

कत्तरीत जातोच. पंखा मंदावला, फ्रिज थांबला. थाळीही मंदावली. करकर लांबत गेली, शिट्टी गाईच्या हंबरण्यासारखी जाड झाली, गुणगुणणं खोल विहिरीत उतरत गेलं. मी प्लेअरकडे बघत होतो. चंद्रमौळी बघत नव्हता. त्याची नजर झोपाळ्यावर होती, म्हणून मीही तिकडे बघितलं.

झोपाळा मंदावला होता. त्यात काही नाही. पण पदरानं कपाळ पुसायला तिनं हात उचलला होता, तो हातही मंदावला होता. पापणी खाली येत होती, येतच होती. पाण्यात पान बुडतं तशी. थाळी थांबली आणि पापणी अर्ध्यात राहिली.

चंद्रमौळीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. त्यानं तबकडीच्या अंगावर बोट ठेवलं. ज्या अंगाला त्यानं जन्मात बोट लावलं नव्हतं. आणि फिरवली. पापणी मिटली. उघडली. हात कपाळाला पोचला.

तो फिरवत राहिला. घामानं बोट ओलं झालेलं. एकदा ते घसरलं, आणि तबकडी मागे फिरली. फार नाही, एखादा फेरा.

बांगड्या वाजल्या. प्लेअरमधून नव्हे. तिच्या हातात, समोर, काचेच्या बांगड्या किणकिणल्या. झोपाळ्याची कडी करकरली. चंद्रमौळीनं मान वर केली. त्याचा चेहरा मी त्या क्षणी बघितला, आणि पोरी, तुझ्या बापाला एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. त्यानं मुद्दाम आणखी एक फेरा मागे घेतला.

कृष्णवेणीनं पाय वर ओढून घेतले. पदर खांद्यावरून पुढे घेऊन मुठीत धरला, परका माणूस घरात आल्यावर लग्नाची पोर धरते तसा. तिचे केस पांढरेच होते, सुरकुत्याही होत्या तिथेच होत्या. पण त्यांच्यामागून बघणारी कोण होती, ते मला सांगता येणार नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. आणि बोलली. मोठ्यानं, स्वच्छ, तिच्याच आवाजात.

"आपण कोण? अप्पा घरी नाहीत."

चंद्रमौळीचं बोट तसंच राहिलं.

"वेणी, मी."

"अप्पा संध्याकाळी येतील," ती आपल्या बापाबद्दल म्हणाली आणि दाराकडे बघून घाबऱ्या घाबऱ्या हाक मारली, "अम्मा!" ती हाक ज्या बाजूला गेली तिकडे स्वयंपाकघर होतं. स्वयंपाकघरापलीकडे भिंत आहे, पलीकडे काही नाही, बाहेरचं आकाश आहे. पण मी कान उघडे ठेवून उभा होतो, आणि त्या भिंतीमागे कुणीतरी बसल्या जागी जरा सरकल्याचा आवाज झाला.

चंद्रमौळीनं तबकडी पुढे ढकलली. दोन फेरे, तीन, चार. आवाज तुटला. बांगड्या पुन्हा कापसाच्या झाल्या. कृष्णवेणीनं पदर सोडला, नवऱ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि त्याच्या गालावरचं पाणी पुसायला झोपाळ्यावरून उठली. तिचे ओठ विचारत होते, अहो, काय झालं?

करंट आला. थाळी आपली आपण फिरू लागली.

८

हरिप्रिया, आता तुला कळलं असेल की फोनवर आई बोलत का नाही. बाप फोन प्लेअरजवळ धरतो, म्हणून तुला वाटतं ती गुणगुणतेय. ते गुणगुणणं दर वेळी तेवढंच असतं, हे तुझ्या ध्यानात आलं म्हणूनच तू माझ्यामागे लागलीस. डॉक्टरनं घसा तपासला, घशाला काही नाही. ती भात करते, भाजी निवडते, जिन्यात भेटली की मला हात जोडते. फक्त प्लेअर थांबता कामा नये.

आणि सुई खाच झिजवते. हे तुझ्या बापाला कुणी सांगायला नको. परवापरवापर्यंत गुणगुणणं खाली स्पष्ट यायचं, आता त्यात वाळू मिसळल्यासारखं येतं. ती खाच पुसली गेली की काय होईल, तो बोलत नाही आणि मी विचारत नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, आणि ती सांगायची म्हणून हा सगळा खटाटोप केला. दुपारी करंट जातो. मी खाटेवर पडलेला असतो. वर तो बोटानं तबकडी फिरवतोय हे मला कळतं. पुढे फिरवत असला तर छत गप्प असतं. काही दुपारी गप्प नसतं. बांगड्या वाजतात. मग बाईमाणसाचा आवाज येतो, घाबरलेला, आणि तो काकुळतीला येऊन तिच्याशी बोलतो, जणू पहिल्यांदा भेटतोय. मग थोड्या वेळानं सगळं परत गप्प. त्याला राहवत नाही. आवाज ऐकायचा असतो. थोडं मागे, थोडं मागे.

परवा तो आवाज फार लहान होता. पाच-सहा वर्षांच्या पोरीचा. आईला हाक मारत होती, आणि आई आत्ता येईल म्हणून तो समजूत घालत होता. मग भिंतीकडून पावलं वाजली.

मी जिना चढून वर गेलो, दार ठोठावलं. त्यानं उघडलं नाही. आतून म्हणाला, "वसंतराव, जा. माझं बोट अडकलंय."

यायचं तर लवकर ये. तू आलीस आणि त्या वेळी थाळी मागे फिरलेली असली, तर ती तुला ओळखणार नाही. तू अजून झालेलीच नसशील. मन घट्ट करून ये.

आणि राहिलं माझं. मी सुई ठेवली नव्हती. मी चोर नाही. हे त्याला कळून चुकलंय, बायकोनं हातवारे करकरून त्याला सांगितलंय, हेही मला ठाऊक आहे. खाली यायला एक जिना उतरावा लागतो, पण करंट कधी जाईल ह्याचा भरवसा नाही म्हणून तो प्लेअरपासून हलत नाही. मी दार उघडं ठेवून बसतो. अजून ज्यानं माझी माफी मागायची आहे तो माणूस माझ्या डोक्यावरच, एका छताच्या पलीकडे बसलेला आहे. चंद्रमौळी.